गर्भपाताची परवानगी उद्याही राहील का?

काळी_शाई | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी ११ वर्षं वकिली करते. बांधाचे वाद, पोटगी, वारसनोंदी, अधूनमधून छत्रपती संभाजीनगर खंडपीठात एखादी रिट. गेल्या पावसाळ्यात १७ वर्षांच्या एका मुलीची गर्भपाताच्या परवानगीची याचिका माझ्याकडे आली. अत्याचार नात्यातल्याच माणसाने केला होता. घरी कळलं तेव्हा सहावा महिना लागलेला. पोलीस, जबाब, सरकारी दवाखाना असं करत माझ्यापर्यंत यायला २४ आठवडे उलटून गेले होते. ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही.

त्या दिवसांतल्या माझ्या डायरीत प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आणखी एक आकडा आहे: २४+५, २५+१, २५+४. आठवडे आणि दिवस. याचिका दाखल झाली, वैद्यकीय मंडळाकडे पाठवा असा आदेश झाला, मध्ये शनिवार-रविवार आला, मंडळावरच्या एक डॉक्टर रजेवर, मग अहवाल आला तर त्यावर एक सही राहिलेली. मुलीची आई सोनोग्राफीचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घेऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलेली असायची. एकदा तिने विचारलं, "मॅडम, हे चोवीस आठवडे कुणी ठरवले?" मी सांगितलं, संसदेने, २०२१ साली, त्याआधी २० होते. ती म्हणाली, "म्हणजे आधी आली असती तर अजून उशीर झाला असता." आणि पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली.

परवानगी मिळाली. २६+१ ला.

आता मुद्दा. आपल्याकडे गर्भपात कायदेशीर आहे असं आपण सगळेच धरून चालतो. तसं ते पूर्ण खरं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ काढून वाचा. गर्भपात घडवून आणणं हा आजही गुन्हा आहे आणि त्यात ती बाई स्वतःही आरोपी होऊ शकते. १८६० च्या दंडविधानातलं कलम ३१२ जवळजवळ जसंच्या तसं १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत उतरलं. १९७१ च्या एमटीपी कायद्याने, म्हणजे वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याने, त्याला अपवाद केला. तो अपवाद कुणासाठी? तिसऱ्या कलमाची सुरुवात वाचा: नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही. म्हणजे कायदा डॉक्टरशी बोलतो. बाईने मागितलं म्हणून द्यावं, असं त्यात एकाही आठवड्याला लिहिलेलं नाही. अगदी सहाव्या आठवड्यातही डॉक्टरने कारण मान्य करावं लागतं. बहुतेक डॉक्टर करतात, म्हणून आपल्याला हे जाणवत नाही.

२४ आठवड्यांपुढे तर दार एकच: गर्भात गंभीर व्यंग आहे असं मंडळाने म्हटलं तर. आईच्या जिवावर बेतलं असेल ती गोष्ट वेगळी. बलात्कारातून राहिलेली १७ वर्षांची मुलगी त्या दारातून जाऊ शकत नाही. तिने हायकोर्टात यायचं आणि समोर कोण न्यायमूर्ती आहेत त्यावर पुढचं ठरणार.

मला भीती वेगळीच वाटते. ही परवानगी ज्या काळात मिळाली तेव्हा देशाला कमी मुलं हवी होती. आता भाषा बदलते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडूंनी लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर (एका बाईला सरासरी किती मुलं) २.१ च्या खाली जाऊ नये, तीन मुलं हवीत असं मांडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशाचा दर २.० आहे आणि आपल्या महाराष्ट्राचा १.७. उद्या ही चिंता धोरणात उतरली, तर नवा बंदीचा कायदा करायचीही गरज नाही. आहे तो अपवाद थोडा आवळला की पुरे. तुम्हाला काय वाटतं?


रानजाई | सोमवार, रात्री ११:२०

सहीबद्दलचं वाचून हात थांबला. एका सहीसाठी किती दिवस गेले, ताई?


काळी_शाई | सोमवार, रात्री ११:२६

तीन. मध्ये सुट्टी होती.


इतिहासवेडा | मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, विषय फार महत्त्वाचा. एक दुरुस्ती मात्र करावीशी वाटते. कायदा लोकसंख्येसाठी झाला असं सरसकट म्हणता येणार नाही. १९६४ साली समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, तेव्हाचे आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. १९६६ च्या अखेरीस अहवाल आला. त्यांच्यापुढे मुख्य प्रश्न होता तो चोरून, सुईणीकडे, काड्या घालून होणाऱ्या गर्भपातांनी मरणाऱ्या बायकांचा. विधेयकाच्या उद्देशपत्रात आरोग्य, माणुसकी आणि सुप्रजनन (व्यंग असलेलं मूल जन्मू नये हा विचार) अशी तीन कारणं आहेत. लोकसंख्या नाही.

पण तुमचं म्हणणं चुकीचं आहे असंही नाही. कायद्याच्या स्पष्टीकरणात गर्भनिरोधक फसल्याचं कारण दिलं आहे, त्यात मूळ शब्द होते: विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने "मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी" वापरलेलं साधन. २०२१ साली तिथे कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार असं आलं आणि "गर्भधारणा टाळण्यासाठी" हे शब्द जोडले गेले. तेवढ्या दोन शब्दांना ५० वर्षं लागली. तोवर नको असलेलं मूल ही कायद्याच्या लेखी कुटुंबाच्या आकाराची गोष्ट होती.

आपल्याकडची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस राहिले की तिच्यापुढे पोट पाडणं, मूल मारणं किंवा विहीर एवढंच उरत असे. फुल्यांनी तिला गुपचूप येऊन बाळंत होण्याची सोय केली, आणि नाव विचारणार नाही असं सांगितलं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. ही माणसं देशाला किती मुलं हवीत हे मोजत नव्हती, समोरच्या बाईचं पाहत होती.


नाना_वाळवा | मंगळवार, सकाळी ९:०३

मी या विषयावर वेगळं मत मांडणार आहे. कुणाला दुखवायचं नाही, वय ७१ आहे, मनापासून लिहितो.

मी सांगली जिल्ह्यातला. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण उकरून काढले, ते दिवस मी विसरलेलो नाही. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण त्याच्या आधीचं. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा २००१ साली ९१३ होता तो ८९४ वर आला. तुम्ही हक्क म्हणता तेव्हा मला तो ओढा दिसतो. आमच्याकडे भ्रूणहत्या हे पाप मानतात, मीही मानतो. अत्याचार झालेल्या मुलीची गोष्ट वेगळी, तिला अडवू नये. पण मागेल तिला सरसकट परवानगी दिली तर मागणारी कोण असेल? ती बाई, की तिच्या मागे उभी असलेली सासू?


रानजाई | मंगळवार, सकाळी ९:४८

नानाकाका, तुमचा राग पटतो. पण म्हैसाळचं आणखी थोडं आठवा. ते प्रकरण उघडकीस आलं कशामुळे? एक तरुण विवाहिता त्या गर्भपातात दगावली म्हणून. तीही त्या ओढ्यातल्या मुलींइतकीच बळी होती.

मुलगी आहे म्हणून पाडणं थांबवायला वेगळा कायदा आहे. महाराष्ट्राने तर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, असा कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा आला. तिथे गुन्हा आहे लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. तो पकडायचा तर सोनोग्राफी मशीनपाशी पकडायला हवा. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्याआधी नीट कळतही नाही. मग सहा-सात आठवड्यांच्या बाईला गोळ्या न देऊन आपण कोणती मुलगी वाचवतो?

सासूबद्दल म्हणाल तर सासू दोन्हीकडे उभी असते. माझ्या मावशीला तिसऱ्या मुलीनंतर चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिला नको होतं आणि सासूला मुलगा हवा होता. मावशीने ते मूल जन्माला घातलं. तिला कुणी विचारलंच नाही.


स्टेथो_जुना | मंगळवार, दुपारी २:३०

ओपीडी संपवून लिहितोय. २६ वर्षं तालुक्याच्या ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे.

नाना, म्हैसाळनंतर काय झालं ते माझ्या बाजूने सांगतो. आमच्या भागात मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. चिठ्ठी दिली तरी "आमच्याकडे येत नाही" म्हणतात. एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) तपासणी, रजिस्टर, प्रत्येक चिठ्ठीमागे चौकशी, नको ती कटकट. परिणाम काय? बाई शेजारच्या जिल्ह्यातून, कुणाच्या तरी ओळखीने, वरचं पाकीट काढून टाकलेल्या गोळ्या आणते. कधी चौथ्या महिन्यात आणते, जेव्हा त्या घरी घेणं धोक्याचं असतं. मग रात्री दोनला रक्तस्राव घेऊन माझ्याकडे.

खरं तर ९ आठवड्यांपर्यंत या गोळ्यांइतकं सुरक्षित काही नाही. एक मिफेप्रिस्टोन, मग मिसोप्रोस्टॉल. २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये भारतातला अभ्यास आला होता: २०१५ या एका वर्षात देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात, त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन. म्हणजे कायद्याची अख्खी इमारत, फॉर्म, रजिस्टर, सीलबंद पाकीट, चारांतल्या एका बाईपुरती. बाकीच्या तिघी कायद्याला माहीतच नाहीत.

आणि एक कबुली. कायद्याने प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरते, सी फॉर्मवर एकच सही. तरी मी कित्येक वर्षं नवऱ्याची सही घेत आलो. उद्या नवरा भांडायला आला तर, एवढंच कारण. एकदा एक बाई म्हणाली, "डॉक्टर, तो मारतो म्हणून तर आले, आणि तुम्ही त्यालाच बोलवा म्हणता." तिला मी परत पाठवलं होतं. ती पुन्हा आली नाही. त्यानंतर मी ती सही घेणं बंद केलं. ती कुठे गेली ते मला आजही माहीत नाही.


सुगंधा_ठाणे | मंगळवार, दुपारी ४:५५

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. त्याला डबा भरून देताना हा धागा वाचत होते, तेव्हापासून लिहू की नको चाललंय.

मी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने आहे. पण काळी_शाई ताईंनी सांगितलेलं ते एकच दार मला टोचतं. बाकीच्यांना फार तर २४ आठवडे, आणि व्यंग असेल तर कितीही. म्हणजे बलात्कार झालेल्या मुलीला २४ नंतर नाही, विधवा झालेलीला नाही, पण पोटात माझ्या मुलासारखं कुणी असेल तर शेवटपर्यंत चालेल. वर इतिहासवेडा यांनी सुप्रजनन हा शब्द लिहिला. तो अजून कायद्यात शिल्लक आहे असं मला वाटतं.

मला चाचणीत कळलं असतं तर मी काय केलं असतं, हे खरंच सांगता येत नाही. एखाद्या आईने नाही ठेवायचं ठरवलं तर मी तिला बोल लावणार नाही. थेरपीचा खर्च, शाळांचे नकार, आमच्यानंतर याचं कोण, हे मला माहीत आहे. पण ठरवलं तर ते तिने ठरवावं. मंडळाने कागदावर शिक्का मारू नये, की हे मूल पुरेसं बिघडलेलं आहे, जा.


काळी_शाई | मंगळवार, रात्री ९:१०

सुगंधाताई, तुमच्या प्रतिसादाने माझं एक मत हललं. मी आजवर व्यंगाचा अपवाद म्हणजे मिळालेली सवलत धरून चालले होते. तिथे पोचायलाही लोक किती लढले. २००८ साली मुंबईत निकेता मेहता आणि डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले. २४ आठवडे झालेले, गर्भाच्या हृदयात दोष, आणि तेव्हा मर्यादा २० ची. कोर्टाने नकार दिला. त्या एका खटल्यानंतर १३ वर्षांनी कायदा बदलला.

पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांच्यापुढे ३३ व्या आठवड्याचं प्रकरण आलं. गर्भात गंभीर दोष होता, तरी मंडळाने आता फार उशीर झाला म्हणून नको म्हटलं होतं. खंडपीठाने परवानगी दिली आणि सांगितलं की निवड त्या स्त्रीची आहे, मंडळाची नव्हे. आता त्याच वर्षीचा ऑक्टोबर बघा. दोन मुलांची आई, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू, अंगावर पाजत होती म्हणून पाळी आली नाही आणि दिवस राहिल्याचं कळलंच उशिरा, २६ आठवडे. ९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परवानगी दिली, ११ ला त्याच दोघींत मतभेद झाला, १६ ला तिघांच्या पीठाने नकार दिला. कारण गर्भ निरोगी होता. एका आठवड्यात त्या बाईने हो, माहीत नाही आणि नाही अशी तिन्ही उत्तरं ऐकली.

निरोगी गर्भ आणि आजारी आई यांत आपला कायदा कुणाकडे बघतो, ते इथे दिसतं.


डॅलसची_उमा | बुधवार, पहाटे ५:४० (भारतीय वेळ)

टेक्सासमधून लिहिते. इथे येऊन १२ वर्षं झाली.

इथलं सांगते कारण आपल्याकडे लोक म्हणतात, एकदा मिळालेला हक्क कोण काढून घेणार. १९७३ साली रो विरुद्ध वेडच्या निकालाने अमेरिकेत हा हक्क मिळाला. ४९ वर्षं टिकला. २४ जून २०२२ ला डॉब्सच्या निकालाने गेला. त्याआधीच, सप्टेंबर २०२१ पासून, टेक्सासने सहा आठवड्यांची मर्यादा आणली होती आणि मदत करणाऱ्या कुणावरही कुणीही दावा लावावा, जिंकला तर किमान १०,००० डॉलर मिळतील, अशी तरतूद केली. ऑगस्ट २०२२ पासून जवळपास पूर्ण बंदी. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

माझा गर्भपात नव्हताच. नवव्या आठवड्यात ठोके थांबले, मूल हवं होतं. पण ठोके नाहीत याची खात्री करायला पुन्हा सोनोग्राफी, मग आणखी एक आठवडा थांबा, मग पुन्हा. डॉक्टरणीच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती, ती माझ्यासाठी नव्हती. औषधाच्या दुकानात त्या मिसोप्रोस्टॉलसाठी काउंटरवर, रांगेसमोर, विचारलं की हे कशासाठी. मी मराठीत रडले असं नवरा म्हणतो. आईला फोन लावला तर ती म्हणाली, अगं इथे आली असतीस तर आपल्या बाईंनी दुपारपर्यंत पिशवी साफ करून घरी सोडलं असतं.

ते खरं आहे. म्हणूनच भीती वाटते. माझ्या आईला वाटतं आपल्याकडे हा प्रश्नच नाही.


टिळकवाडी | बुधवार, सकाळी ८:२२

उमाताई, काळजी घ्या.

मी बेळगावची. परदेशातली गोष्ट म्हणून हा विषय निघतो तेव्हा मला आमच्या गावची सविता हलप्पनवार आठवते. माहेर बेळगावचं, दंतवैद्य, लग्नानंतर आयर्लंडमध्ये गॉलवेला. ३१ वर्षांची. १७ व्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनाही कळलं होतं. तिने आणि नवऱ्याने पिशवी रिकामी करा म्हणून परत परत विनवलं. ठोके चालू आहेत, करता येणार नाही, हे कॅथलिक राष्ट्र आहे, असं उत्तर मिळालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला. २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली.

तो कायदा म्हणजे १९८३ साली आयरिश राज्यघटनेत घातलेली आठवी दुरुस्ती, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के लोकांनी ती काढून टाकली. त्या आठवड्यात डब्लिनमध्ये एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र रंगवलं होतं, मोकळे केस, कपाळावर टिकली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्याभोवती शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या. तिला माफी मागणाऱ्या.

आमच्या गावच्या मुलीच्या नावाने एका परक्या देशाने घटना बदलली. आणि ते नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?


नाना_वाळवा | बुधवार, सकाळी ११:१५

मला ठाऊक नव्हतं. वाचून बसून राहिलो. अशा वेळी थांबवणं हे पाप आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरी माझा मूळ प्रश्न राहतोच. सहा आठवडे आणि सहा महिने यांत फरक आहे की नाही? डॉक्टरांनी सांगावं.


स्टेथो_जुना | बुधवार, दुपारी ३:०५

आहे, नाना. खूप आहे, आणि माझ्या हातांनाही तो जाणवतो. २६ व्या आठवड्यात काय करावं लागतं ते मी इथे लिहिणार नाही. पण उशिरा येणाऱ्या बाया कोण असतात ते सांगतो. हौसेने कुणी सहा महिने थांबत नाही. शाळकरी मुलगी, जिला पाळी चुकणं म्हणजे काय हेच माहीत नाही. ऊसतोडीला गेलेली बाई, जिचा मुकादम सुट्टी देत नाही. दोन दवाखान्यांनी परत पाठवलेली. व्यंग कळतं ती सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांची, हृदयाची तपासणी त्याहून पुढे.

आणि अल्पवयीन मुलींची आणखी एक गोष्ट. १७ वर्षांची मुलगी राजीखुशीने झालेल्या संबंधातून आली तरी पॉक्सोनुसार, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार, मला पोलिसांना कळवावंच लागतं. हे कळलं की मुलगी आणि आई दोघी उठून निघून जातात, भोंदूकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिचं नाव पोलिसांना द्यायची गरज नाही. किती ठाण्यांना हे माहीत आहे? मी निकालाची प्रत ड्रॉवरमध्ये ठेवतो. दोनदा दाखवावी लागली.

लवकर सोपं केलं तर उशिराचं आपोआप कमी होईल. माझा अनुभव एवढंच सांगतो.


इतिहासवेडा | बुधवार, सायं ६:४०

काळी_शाई ताईंच्या लोकसंख्येच्या भीतीला एक उदाहरण जोडतो. रोमानियात १९५७ पासून गर्भपात सहज मिळत होता. १९६६ साली चाउशेस्कूने देशाला माणसं हवीत म्हणून एका हुकमाने तो बंद केला. जन्मदर एकदम वर गेला, मग पुन्हा घसरला, कारण बायका चोरून करू लागल्या. पुढच्या २३ वर्षांत हजारो बायका त्यात मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर नव्या सरकारने अगदी पहिल्या निर्णयांतच तो हुकूम रद्द केला. राज्याने मुलं मोजून परवानगी दिली की राज्य मुलं मोजूनच ती परत घेतं.

उलट टोक म्हणजे फ्रान्स. अमेरिकेचं पाहून त्यांनी ४ मार्च २०२४ ला हे स्वातंत्र्य थेट घटनेत लिहिलं, ७८० विरुद्ध ७२ मतांनी.


रानजाई | बुधवार, रात्री ८:१२

मग आपल्याकडे नेमकं काय मागायचं? घटनादुरुस्ती? मला ते फार लांबचं वाटतं.


काळी_शाई | बुधवार, रात्री १०:३०

लांबचं आहेच, रानजाई. आणि आपल्या घटनेच्या २१ व्या कलमात हा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच, सुचिता श्रीवास्तव प्रकरणात म्हटलं आहे. २०२२ साली अविवाहित मुलीला विवाहितेसारखेच २४ आठवडे मिळाले. त्याच निकालात, नवऱ्याने केलेला बलात्कार हा या कायद्यापुरता बलात्कार धरायचा असंही आलं. दंडसंहितेत तो आजही गुन्हा नाही. निकालांची भाषा पुढे गेली आहे आणि कायद्याचं कलम १९७१ मध्ये उभं आहे. न्यायमूर्ती बदलले की भाषा बदलू शकते, ते आपण अमेरिकेत पाहिलं.

माझ्या मते पहिली मागणी लहान आहे: १२ आठवड्यांपर्यंत बाईने मागितलं म्हणून, कारण न विचारता. ही काही नवी कल्पना नाही. २०१४ च्या सरकारी मसुद्यात ती होती. प्रशिक्षित परिचारिकांनाही गोळ्या देऊ द्याव्यात हेही होतं. २०२१ पर्यंत दोन्ही गळून पडलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. दुसरी, कलम ८८ मधून निदान त्या बाईला बाहेर काढा. स्वतःच्या पोटासाठी तिला तुरुंगाची भीती का? तिसरी सुगंधाताईंची, मंडळाने सल्ला द्यावा, निकाल देऊ नये. याच्या शब्दरचनेवर मी अजून विचार करते आहे, कारण २४ नंतर सगळ्यांना समान दार ठेवायचं तर ते किती उघडायचं, यावर नानाकाकांना काय उत्तर द्यायचं ते मला नीट सापडलेलं नाही.

एप्रिल २०२४ चं मुंबईचं प्रकरण डोक्यातून जात नाही. १४ वर्षांची मुलगी, अत्याचारातून राहिलेली, जवळजवळ ३० आठवडे. हायकोर्टाने नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने २२ तारखेला परवानगी दिली आणि २९ ला मागे घेतली, कारण आईवडिलांचं मन बदललं, मुलीच्या जिवाची भीती वाटली. तो निकाल चांगला आहे, गर्भवतीचं मत सर्वांत महत्त्वाचं असं त्यात लिहिलंय, आणि मंडळांनी नुसता कायद्याचा आकडा न बघता तिच्या शरीरमनावरचा परिणाम सांगावा असंही. पण त्या घरातलं पहिलं पाऊल दहाव्या आठवड्यात पडलं असतं, तर कुठल्याच न्यायमूर्तींना काही लिहावं लागलं नसतं.


नाना_वाळवा | गुरुवार, सकाळी ७:५०

१२ आठवड्यांचं मी विरोध करणार नाही. पटलं असं म्हणत नाही. विरोध करणार नाही.


नवी_आयडी_४१७ | गुरुवार, रात्री १२:४८

आजच सदस्य झाले. वय २२. लग्न झालेलं नाही. सोनोग्राफीत ७ आठवडे ३ दिवस आलेत. एका ठिकाणी म्हणाले नवऱ्याला घेऊन ये, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले आईवडिलांची सही लागेल. हॉस्टेलवर राहते, घरी कळलं तर शिक्षण बंद. मैत्रीण म्हणते ऑनलाइन गोळ्या मागव. कुणी जागं आहे का?


काळी_शाई | गुरुवार, रात्री १२:५५

जागी आहे. नवऱ्याची, आईवडिलांची, कुणाचीही सही लागत नाही. १८ पूर्ण आहेत, तुझी एकटीची पुरते. लग्न झालं आहे का याचा कायद्याशी संबंध नाही. तुझं नाव बाहेर सांगणं हा दवाखान्याचा गुन्हा आहे. गोळ्या ऑनलाइन मागवू नकोस. कुठल्या शहरात आहेस ते इथे लिहू नकोस, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


स्टेथो_जुना | गुरुवार, रात्री १:१०

बाळ, ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, तुझ्याकडे वेळ आहे. घाबरू नकोस, पण पुढच्या आठवड्यावरही ढकलू नकोस. सोनोग्राफीचा कागद बरोबर ठेव, शेवटच्या पाळीची तारीख लिहून ने, रक्तगट माहीत असेल तर तोही. काही आजार, काही औषधं चालू असतील तर सांग. पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच दवाखान्यात जा.


नवी_आयडी_४१७ | गुरुवार, रात्री १:१६

दुखत नाही. व्यनि मिळाला. रक्तगट ओ पॉझिटिव्ह.